शांत रस्त्याचे खरेदीखत

रस्ता शांत असतो तो स्वतःच्या गुणाने नव्हे, तर त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या जमिनीच्या कृपेने. डांबर, खडी, मैलाचे दगड आणि मोऱ्या एवढ्यावरच बांधकाम खात्याची सत्ता चालते. वळणावरची आमराई, चढावरचा गवताळ माळ, ओढ्याकाठची करंजाची झाडे ही सारी कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. त्या सातबाऱ्यावरचे नाव बदलले की रस्ता तोच राहूनही परका होतो. प्रथम बांधावर सिमेंटचे खांब उभे राहतात, मग भूखंड विक्रीचा फलक लागतो, मग जवळच्या टेकडीवर खडी क्रशरची घरघर सुरू होते. आणि वाहतूक वाढल्याचे कारण दाखवून एके दिवशी रस्ताही रुंद केला जातो. या क्रमात खलनायक शोधू गेल्यास तो बहुधा सापडत नाही. विकणाऱ्याला घरातील दुखणे किंवा कर्जाचा हप्ता निभवायचा असतो, घेणाऱ्याला डोक्यावर छप्पर हवे असते. प्रत्येकाचे कारण रास्त असते. नाहीसा होतो तो रस्ता.

अशा वेळी एखाद्या ऐपतदार रहिवाशाला वाटते की, लगतची जमीन आपणच विकत घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. कल्पना सरळ आहे, आणि वरकरणी निर्दोषही. परंतु खरेदीखताने रस्त्याचे खरोखर रक्षण होते काय? झालेच तर किती काळ, आणि कोणासाठी? या प्रश्नांची उत्तरे केवळ तर्काने देण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यालगत असलेल्या माउंट डेझर्ट या बेटाने हा प्रयोग सव्वाशे वर्षे करून पाहिला आहे.

या बेटाचे नाव सॅम्युएल द शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०४ मध्ये ठेवले. त्यापूर्वी हजारो वर्षे वाबानाकी लोकांचा तेथे वावर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निसर्गचित्रकारांनी या बेटाचे डोंगर आणि सागर आपल्या चित्रांतून शहरांत नेले, आणि त्यांच्या मागोमाग बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया येथील धनिक मंडळी उन्हाळ्यात तेथे राहावयास येऊ लागली. त्यांनी बंगले बांधले, डोंगरांतून पायवाटा काढल्या, घोडागाड्या फिरवल्या. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलवर चालणारी, कोठेही हलविता येणारी लाकूड कापण्याची यंत्रे आली आणि आजवर अवघड म्हणून वाचलेली डोंगरउतारावरची झाडी एकाएकी व्यापाराच्या आवाक्यात आली.

हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे या उन्हाळी रहिवाशांपैकी एक. त्यांचा त्याच नावाचा मुलगा उद्यानरचनाकार होता. निसर्गरम्य स्थळे सार्वजनिक विश्वस्त मंडळाच्या हाती सोपवून राखावीत, ही त्याची कल्पना. तिच्यातूनच १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात तसे मंडळ स्थापन झाले होते. १८९७ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. मुलाचे लेखन चाळताना पित्याला त्या कल्पनेचे महत्त्व उमगले, आणि १९०१ मध्ये त्याने बेटावरील मित्रांना जमवून हॅनकॉक परगण्यासाठी असेच विश्वस्त मंडळ उभे केले. जॉर्ज डॉर हे त्याचे कार्यवाहक झाले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी दुसरे काही केले नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कोठे डोंगरमाथा, कोठे तळ्याचा काठ, अशी विकत किंवा देणगी म्हणून मिळेल ती जमीन गोळा होत गेली. १९१३ पर्यंत मंडळाच्या हाती सुमारे सहा हजार एकर जमीन आली होती.

आणि त्याच वर्षी या पद्धतीतील दुर्बलता उघड झाली. मंडळाची सनद रद्द करण्याचे विधेयक राज्याच्या विधिमंडळात आले. डॉर यांनी राजधानी गाठून ते कसेबसे हाणून पाडले; पण ज्या कायद्याने अधिकार दिला तो कायदा एका बैठकीत तो काढूनही घेऊ शकतो, हे त्यांच्या ध्यानी आले. खासगी मंडळाची मालकी ही वाटते तितकी पक्की नाही, हा धडा त्यांनी घेतला आणि सारी जमीन केंद्र सरकारला देऊ करण्याचे ठरविले. सरकारला दान घ्यावयास लावणे हे दान देण्याहून कठीण ठरले. दस्तऐवजांतील त्रुटी दूर करण्यात आणि वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारण्यात दोन-तीन वर्षे गेली. अखेर १९१६ मध्ये ती भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. १९२९ पासून ते उद्यान अकेडिया या नावाने ओळखले जाते.

रस्त्यांची कथा याच सुमारास सुरू होते. बेटावर मोटारगाडीला मज्जाव होता. त्या बंदीवर वर्षानुवर्षे वाद चालला आणि १९१३ ते १९१५ या काळात ती टप्प्याटप्प्याने उठली. औषधासाठी डॉक्टर लवकर यावा, माल वेळेवर पोचावा, असे वाटणाऱ्या स्थानिक रहिवाशांची मागणी अन्याय्य म्हणता येत नव्हती. तेलसम्राटाचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर यांचा बंगला बेटावरील सील हार्बर येथे होता. मोटारीच्या इंधनावर ज्या घराण्याची संपत्ती वाढत होती, त्याच घराण्यातील पुरुषाला मोटारीचा उपद्रव नको होता, हा योगायोग मासलेवाईक खराच. तथापि त्यांनी मोटारीशी भांडण मांडले नाही. मोटारींचा रस्ता वेगळा व्हावा म्हणून त्यांनी पुढे पैसाही दिला, आणि घोडा व पादचारी यांच्यासाठी स्वतंत्र रस्त्यांचे जाळे विणावयास घेतले.

१९१३ ते १९४० अशी सत्तावीस वर्षे हे काम चालले. रॉकफेलर लगतचे तुकडे विकत घेत, आणि जेथे जमीन विश्वस्तांची किंवा उद्यानाची असे तेथे परवानगी मागून पुढे जात. असे सुमारे ५७ मैलांचे रस्ते झाले. त्यांपैकी ४५ मैल आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. रुंदी साधारण सोळा फूट. खाली मोठा दगड, वर बारीक खडी असे थर. पाण्याच्या निचऱ्यासाठी दगडी गटारे आणि मोऱ्या. डोंगर फोडून रस्ता सरळ नेण्याऐवजी डोंगराच्या कलाने तो वळविला गेला. दगड बेटावरचाच. सतरा पूल बांधले गेले आणि एकाचा घाट दुसऱ्यासारखा नाही. बांधकामाने उघड्या पडलेल्या कडांवर काय लावावे, याचा सल्ला बिएट्रिक्स फॅरँड या उद्यानरचनाकार बाईंनी दिला, आणि त्यांनी पसंत केली ती तेथलीच रानटी झुडपे.

हे सर्व निर्वेध पार पडले, असे मात्र नाही. १९२४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर जॉर्ज व्हार्टन पेपर यांनी केंद्रीय गृहखात्याकडे तक्रार केली, की या रस्त्यांनीच डोंगरांचे एकांतपण मोडते आहे. पेपर हेही उन्हाळी रहिवासीच. एकाच्या दृष्टीने जो शांततेचा रस्ता, तो दुसऱ्याच्या दृष्टीने शांततेवरील आक्रमण! काम काही काळ थांबले, सुनावणी झाली आणि मग पुढे चालू झाले. शांतता हीसुद्धा सर्वांनी एकाच अर्थाने मानलेली वस्तू नाही, एवढे या प्रसंगावरून कळते. आणि हेही कळते, की भूमी सार्वजनिक झालेली असल्यामुळेच तक्रारीला दाद मागण्याची जागा उरली होती. जमीन निव्वळ रॉकफेलरांची असती तर पेपर यांना कुंपणाबाहेर उभे राहूनच बोलावे लागले असते.

या कथेचे मर्म येथेच आहे. रॉकफेलरांनी एकंदर सुमारे अकरा हजार एकर जमीन उद्यानाला देऊन टाकली. ते ती राखून ठेवू शकले असते. रस्ते त्यांच्या हयातीत तितकेच शांत राहिले असते. किंबहुना अधिकच, कारण परक्या माणसाचे पाऊल तेथे पडले नसते. परंतु मालक मर्त्य असतो. त्याच्यामागे वारस येतात, वारसांमध्ये वाटण्या होतात, वाटण्यांतून विक्री होते, आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या जमिनीवर इमारत होऊ नये म्हणून ती घेतली, तीच जमीन चांगला भाव आला म्हणून इमारतीसाठी विकली जाते. विकत घेणाऱ्याच्या हाती विकण्याचाही अधिकार येतो. तो अधिकार जोवर तो स्वतः सोडून देत नाही, तोवर त्याने रस्ता वाचविला नाही. केवळ त्याच्या नाशाची तारीख पुढे ढकलली. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने हे वेळीच ओळखले. १९०७ च्या कायद्याने या संस्थेला आपली भूमी अहस्तांतरणीय म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. एकदा तशी घोषणा झाली की संस्थेच्या पुढच्या विश्वस्तांनाही ती विकता येत नाही.

दान दिल्यानेही सर्व संपत नाही. १९६० मध्ये रॉकफेलर निवर्तले आणि त्यांच्याबरोबर त्या रस्त्यांची निगाही गेली. गटारे बुजली, खडी वाहून गेली, कडेच्या झाडीने दऱ्याखोऱ्यांची दृश्ये झाकून टाकली. पुढे नव्वदीच्या दशकात सरकारी निधी आणि लोकांनी उभारलेल्या संस्थेची वर्गणी यांच्या मेळाने रस्त्यांची फेरबांधणी झाली, आणि पुढील देखभालीसाठी कायम निधी ठेवण्यात आला. जमीन एकदा विकत घेता येते. मोरी मात्र दर पावसाळ्यानंतर साफ करावी लागते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे माथेरान आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील लाल मातीचे रस्ते शांत राहिले ते कोणी जमीन विकत घेतली म्हणून नव्हे, तर नियमामुळे. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर पाऊल, घोडा आणि रेल्वे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. परंतु या शांततेची किंमत कोण देत होते? पर्यटकाला आणि त्याच्या सामानाला ओढीत चढ चढणारा हातरिक्षावाला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला, तेव्हा शांतता आणि माणुसकी यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, हे स्पष्ट झाले. माउंट डेझर्ट बेटावर औषध-डॉक्टरांसाठी मोटार मागणाऱ्या रहिवाशांचे म्हणणे याहून फारसे निराळे नव्हते.

आपल्याकडे लगतची शेतजमीन विकत घेण्याचा मार्ग सर्वांना खुलाही नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि १९६१ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या धारणेवरही कमाल मर्यादा आहे. हे निर्बंध कसणाऱ्याच्या हितासाठी आले आणि ते शहाणपणाचे होते. शांततेच्या नावाखाली धनिकांनी गावेच्या गावे घेऊन कुंपण घालावे, हा उपाय रोगाहून भयंकर ठरेल. ज्या वाटेने गुरे जात, ज्या बांधावरून पाणी भरणाऱ्या बायका जात, ती वाट 'खासगी मालमत्ता' या पाटीने बंद झाली तर रस्ता शांत होईल खरा. पण ती स्मशानाची शांतता होय.

तेव्हा एखाद्या गावाला आपला सावलीचा रस्ता खरोखर राखावयाचा असेल, तर त्याने खरेदीपूर्वी काही प्रश्न विचारले पाहिजेत. घेणारा माणूस पुढे विकण्याचा हक्क सोडावयास तयार आहे काय? जमीन घेतल्यावर पूर्वीच्या वहिवाटी चालू राहणार आहेत काय? गवत, जळण, फळे यांवरील गावकऱ्यांचा वाटा कायम राहणार आहे काय? गटार कोण काढणार आणि वाळलेल्या झाडाच्या जागी नवे कोण लावणार? आणि ज्या शेतकऱ्याला अडचणीमुळे विकावे लागते, त्याला भूखंडवाल्याइतका नाही तरी न्याय्य भाव देण्याची गावाची, संस्थेची किंवा शासनाची तयारी आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला बगल देऊन रस्त्याकडेच्या सौंदर्यावर भाषणे करणे म्हणजे आपल्या फिरायला जाण्याचा खर्च शेजाऱ्याच्या माथी मारणे होय.

त्या बेटावरील रस्त्यांवरून आज चालणाऱ्या बहुतेकांना लगतचा कोणता तुकडा कोणाकडून, किती रकमेस घेतला गेला हे ठाऊक नसते. ठाऊक असण्याची गरजही नाही. खरेदीखतावरील नाव पुसले गेले, म्हणूनच तो रस्ता चालणाऱ्याचा झाला.