जुन्या तबकड्यांतील मुंबईचा जॅझ

शीळफाटा हे नाव अलीकडे बुलेट ट्रेनच्या बोगद्यामुळे वृत्तपत्रांत वारंवार येते. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा ठाण्याच्या खाडीखालून येऊन येथे संपतो. व्यापारी मंडळींना मात्र हा फाटा पूर्वीपासून परिचित आहे तो मालाच्या वाहतुकीमुळे. कल्याणकडून येणारा शीळ मार्ग, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग आणि महापेचा रस्ता या परिसरात एकत्र येतात. आजूबाजूस गोदामे आहेत, तसेच भंगाराचे वाडेही आहेत. मुंबईच्या पेठांतील जुनी घरे पुनर्विकासाला गेली आणि कुटुंबे डोंबिवली-कल्याणकडे राहावयास आली, की नव्या सदनिकेत न मावणारे सामान याच बाजूला येते. पितळेची भांडी लगेच विकली जातात, सागवानी कपाटाला गिऱ्हाईक मिळते. शेवटी उरते ती रद्दी, आणि रद्दीसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या काळ्या तबकड्या.

बहुतेक तबकड्या ओळखीच्या निघतात. नाट्यपदे, भजने, सैगल यांची गाणी. त्या कोणीतरी ठेवून घेतो. अधूनमधून मात्र एखादी निराळी तबकडी हाती लागते. लेबलावरील सारी अक्षरे इंग्रजी, वाद्यवृंदाचे नाव अनोळखी आणि खाली बारीक टाइपात ‘फॉक्सट्रॉट’ असा शब्द. ती घरात कोणी आणली, हे सांगणारे आता कोणी नसते. मग ती किलोच्या भावाने जाते, नाहीतर वाटेतच फुटते. अशाच तबकड्यांच्या शोधात जगभरचे जॅझचे संग्राहक असतात.

जॅझ म्हणजे धांगडधिंगा, ही समजूत जुनी आहे आणि बहुतांशी ऐकीव आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाच्या पुढच्या पिढ्यांनी हे संगीत घडविले. १९१७ मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली. त्याची रीत रागसंगीत ऐकणाऱ्यास लवकर उमगते. एक चाल ठरते, तिच्याखालच्या स्वरसंगतींची मालिका ठरते आणि मग एकेक वादक त्या चौकटीत स्वतःच्या बुद्धीने विस्तार करतो. बंदिश तीच असली तरी दर मैफलीत बढत वेगळी, तसेच हे. म्हणूनच या संगीतात कागदावरील स्वरलेखनापेक्षा ध्वनिमुद्रणाचे मोल अधिक. वादकाला त्या दिवशी जे सुचले, ते तबकडीवर उतरले तरच उरते.

मुंबईत हे संगीत रुजले ते १९३५ पासून. त्या वर्षी लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून आलेले ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी १९३६ मध्ये मुंबईतच ध्वनिमुद्रण केले. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला, त्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथाचे नाव त्याच काळातील एका रचनेवरून घेतलेले आहे. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड शिकागो आणि शांघाय गाजवून ताजमध्ये वाजवू लागले. पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १९४५ मध्ये पटकीने तेथेच वारले. स्वदेशात वर्णभेदामुळे ज्यांना अनेक दारे बंद होती, अशा या कलावंतांना मुंबईने सन्मानाने वागविले. मात्र त्याच हॉटेलांच्या दारात सामान्य हिंदी माणसाला किती मान होता, हेही विसरून चालत नाही.

या अमेरिकनांच्या शेजारी बसून वाजविणारे बहुतेक वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. त्यामुळे व्हायोलिन किंवा ट्रम्पेट हाती घेऊन मुंबईस आलेला गोवेकर तरुण समोर ठेवलेला कागद वाचून वाजवू शके. जॅझची खरी गोम, म्हणजे त्या कागदापलीकडे जाणे, त्यांपैकी बरेच जण तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून शिकले. बार्देशातील हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. लुई आर्मस्ट्राँग यांची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे वेदरफोर्ड यांच्या वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादक. त्यांनीच पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट केला.

नृत्यगृहाचे वातावरण, तेथील खाणेपिणे, हे श्रावकाच्या घराशी जुळणारे नव्हते. तबकडीने ती अडचण दूर केली. तेथे पाऊल न ठेवताही दिवाणखान्यात चावी फिरवून ते संगीत ऐकता येई. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, सुताच्या किंवा जवाहिराच्या व्यवहारानिमित्त परदेशी पेढ्यांशी पत्रव्यवहार करणाऱ्या घरात अशी एखादी तबकडी शिरली असल्यास नवल नाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नृत्यसंगीताचा धंदा आक्रसला. दारूबंदीचे समाजाला झालेले लाभ हा स्वतंत्र विषय आहे. वादकांची रोजीरोटी मात्र हलली आणि त्यांतील अनेक जण चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांच्याबरोबर चिक चॉकलेट यांनी साहाय्यक म्हणून काम केले. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी पडद्यावर चिक आणि त्यांचे साथीदारही पाहिले आहेत. मात्र त्यांना ते नावाने माहीत नसतील, कारण चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई. ट्रम्पेट कोणी वाजविला, वाद्यमेळ कोणी बांधला, याची तेथे नोंद नसे. मेहनत एकाची आणि वहीत नाव दुसऱ्याचे, असा हा हिशेब वर्षानुवर्षे चालला. म्हणूनच ज्या जुन्या तबकड्यांवर या वादकांची नावे स्वच्छ छापली आहेत, त्या जपणे अगत्याचे आहे.

लाखेची तबकडी आणि व्हिनाइलची

मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी कशाची बनते, हे जैन वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू यांना एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. लाख ही पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. ती खरवडून काढताना कीटकांचा संहार होतो. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत ‘लाक्षावाणिज्य’ स्पष्टपणे येते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही त्याचा उल्लेख आहे. जगाच्या ग्रामोफोन उद्योगाला लागणारी लाख मुख्यतः भारतातून जाई. कलकत्त्यास १९०८ मध्ये सियालदह येथे आणि पुढे १९२८ मध्ये डमडम येथे तबकड्यांचे कारखाने निघाले, त्यामागे हेही एक सोयीचे कारण होते.

बदल घडला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आवक अडली आणि १९४२ मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर निर्बंध घातले. पर्यायी पदार्थांकडे लक्ष वळले आणि १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारात आणली. तिलाच एलपी म्हणतात. लाखेच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत, एलपीवर वीस मिनिटांहून अधिक. विस्ताराला मोकळीक हवी असलेल्या जॅझला हे वरदानच ठरले. शिवाय एलपीत कीटकाचा संबंध उरला नाही. जुनी तबकडी जपल्याने नव्याने लाख काढली जात नाही, हे खरे. तरीही ज्यांना तेवढा संबंधही नको असेल, त्यांनी निःशंकपणे एलपीचाच संग्रह करावा. भारतात ७८ ची तबकडी इतर देशांपेक्षा बरीच उशिरापर्यंत टिकली. बीटल्सची गाणीसुद्धा येथे लाखेच्या तबकडीवर निघाली. इतरत्र ती तशी मिळणे दुर्मीळ, म्हणून परदेशी संग्राहक या भारतीय तबकड्यांना मोठी किंमत मोजतात.

जॅझच्या एलपींत भारतीय श्रोत्यास जवळच्या वाटतील अशा काही आहेत. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात आले, मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांना भेटले आणि परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी प्रवासाच्या आठवणींवर आधारलेली एलपी काढली. ड्यूक एलिंग्टन १९६३ च्या दौऱ्यात येऊन गेले. त्यातून सुचलेली ‘फार ईस्ट स्वीट’ १९६७ मध्ये निघाली. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये १९६६ साली ‘इंडो-जॅझ स्वीट’ मुद्रित केले. पण ज्याला प्रारंभ करावयाचा आहे त्याने आधी शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) ऐकावी. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि ट्रम्पेटवर जॉन परेरा. जाणकारांपैकी काही जण तिला शुद्ध जॅझ मानत नाहीत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण रचना बहुतांशी बांधीव आहे. तरी मालकंसाचे स्वर सॅक्सोफोनच्या तोंडून ऐकू आले की कान आपोआप टवकारतात, आणि पुढची वाट त्यांनीच शोधलेली बरी.

१९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॉनी रॉलिन्स यांच्यासारखे श्रेष्ठ वादक खुल्या रंगमंचावर ऐकावयास मिळाले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील कार्यक्रम थांबले. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकानही २०१६ मध्ये बंद झाले. आता जुनी तबकडी मिळते ती चोरबाजारात, संग्राहकांच्या आपसांतील देवघेवीत आणि घरे रिकामी होताना.

पारख आणि निगा

तबकडीची पारख व्यापाऱ्यास परकी वाटू नये. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक पाहावा, त्यावरून ती कोणत्या मूळ मुद्रणाची हे कळते. न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ या कंपनीच्या लेबलावर कार्यालयाचा पत्ता छापलेला असे. पेढीच्या जुन्या बिलावरील पत्त्यावरून जसा काळ ठरविता येतो, तसाच तो येथेही ठरतो. दर्जाच्या संज्ञा मात्र फसव्या आहेत. या बाजारात ‘व्हेरी गुड’ म्हणजे उत्तम नव्हे, तर ओरखडे असलेली आणि खरखर ऐकू येणारी. उत्तम मालाला ‘निअर मिंट’ म्हणतात. हा फरक ठाऊक नसलेला खरेदीदार पहिल्याच सौद्यात शिकतो.

लाखेची तबकडी कडक असते आणि पडली तर फुटते. व्हिनाइलची किंचित लवते. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधीही लावू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने, लेबल कोरडे ठेवून पुसावी आणि लगेच टिपावी. एलपी कधीही जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये. त्याची पोलादी सुई आणि जड मान एका फेरीतच खाचा खरवडून टाकतात. एलपीला साधारण दीड ते दोन ग्रॅम भार देणारी बारीक सुई लागते. ७८ साठी खाच रुंद असल्यामुळे सुईही जाड हवी. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा मे महिन्यात एलपीला वाकवतो आणि पावसाळ्यात कागदी पाकिटांवर बुरशी धरते. खाडीच्या बाजूच्या दमट हवेत तर पाकिटे दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बदललेली बरी.

संग्रहाचा छंद आणि परिग्रह यांतील रेषा पुसट असते, हे खुद्द संग्राहकही मान्य करतात. त्यावर अनेकांनी परिमाणाचाच उपाय शोधला आहे. कोणी केवळ मुंबई-कलकत्त्यात मुद्रित झालेल्या तबकड्या ठेवतो, कोणी एकाच वाद्याच्या. कोणी एक नवी आली की एक जुनी दुसऱ्यास देतो. ज्या घरात कोणालाच हे संगीत ऐकावयाचे नाही, तेथेही तबकडी भंगारातच जावी असे नाही. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आपल्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून अशा जुन्या ध्वनिमुद्रणांची माहिती प्रसिद्ध केली आहे, आणि नव्या पिढीतील हौशी संग्राहकही मुंबई-ठाण्यात आहेत.

त्यासाठी पेटी उघडल्यावर एक साधी यादी करावी. कंपनीचे नाव, लेबलाचा रंग, दोन्ही बाजूंचे क्रमांक, वादकांची छापलेली नावे, आणि पाकिटावर दुकानाचा शिक्का किंवा घरातील कोणाची सही असेल तर तीही. दोन्ही लेबलांची छायाचित्रे घ्यावीत. पन्नास तबकड्यांची पेटी असली, तर टेम्पो शीळफाट्याकडे निघण्यापूर्वी दोन माणसांना एक दुपार पुरते.