नंदी घासताना शिंका का येतात?

तान्हा पोळा जवळ आला की घरोघरी लाकडाचे नंदी बाहेर निघतात. काही मुले जुन्यालाच रंग देतात, काही वाढईबाबाकडून ठोकळा आणून स्वतः नंदी घडवतात. पॉलिश पेपरने घासू घासू तो गुळगुळीत करायचा, ही मोठी मजा. पण चार हात मारले नाहीत तोच एखाद्याला शिंकाच शिंका! डोळे चुरचुरतात, नाकाला धार लागते. घरचे म्हणतात, "पावसात भिजला, सर्दी झाली."

मित्रांनो, ही दरवेळी सर्दीच नसते. सर्दीत कधी अंग तापते आणि आठवडाभरात ती बरी होते. धुळीच्या शिंका काम हाती घेतले की सुरू होतात, दूर गेले की थांबतात. ताप नसतो, पण नाक-डोळे लय खाजतात. याला वावडे किंवा ॲलर्जी म्हणतात. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली काढला. साध्या धुळीलाही शरीर शत्रू समजते आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. त्यानेच नाक वाहते.

पोळा पावसाळ्यात येतो, म्हणून आपण खोलीत बसून घासतो आणि भुसा तिथेच कोंडतो. त्यापेक्षा छपरीत बसावे, वारा बाजूने वाहील असे. नाकाला दुपदरी रुमाल बांधावा. त्याने जाड धूळ अडते, बारीक मात्र आत जातेच. भुसा कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. जुना रंग कोरडा खरवडू नये, त्यात शिसे असू शकते, ते विषारी आहे. काम झाले की हातपाय धुऊन सदरा बदलावा.

आता मांजर. लोक म्हणतात, मांजराच्या केसांनी शिंका येतात. खरा दोष केसांचा नाही, तिच्या लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा. ती अंग चाटते, लाळ वाळते आणि हवेत तरंगते. म्हणून मांजर हाकलायची का? मग धानाच्या पोत्यांवरचे उंदीर कोण धरणार! तिला अंथरुणावर आणि कामाच्या जागी येऊ देऊ नये, कुरवाळल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढे पुरे. तरीही शिंका थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना विचारावे. गोधडीतही डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ओलाव्यात ते वाढतात. उघाड पडली की गोधडी कडक उन्हात टाकावी.

पालकांनी एक लक्षात ठेवावे. छातीत शिटीसारखा आवाज येत असेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर काढा करीत बसू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, तो दमा असू शकतो. पंपाची सवय लागते अशी पुष्कळांना भीती वाटते. ती खोटी आहे. पंपाने थोडेसेच औषध सरळ फुप्फुसात जाते. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर नंदी घासायला बसताना तो जवळ ठेवावा, आणि शाळेत गुरुजींनाही सांगून ठेवावे.