पाळी लांबते तेव्हा: हिरडा, मेथी आणि चालणं

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणं हा आदिवासी कुटुंबांचा जुना रोजगार. पोट बिघडलं की हिरडा हाताशी असतोच. पण ज्यात पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, मानेची कातडी काळवंडते, त्या पीसीओएसवर (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हिरड्याचा गुण सिद्ध झालेला नाही.

या विकारात अनेकींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मग इन्सुलिन जास्त स्रवतं, अंडाशय जादा पुरुषी संप्रेरकं बनवतं आणि बीज वेळेवर पक्व होत नाही. दालचिनी, मेथीच्या अर्कावर अभ्यास झालेत, पण छोटे. स्पिअरमिंट पुदिन्याच्या चहाने पुरुषी संप्रेरक थोडं उतरलं. केस मात्र महिनाभरात मोजण्याइतके घटले नाहीत. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर मेथीचा अर्क डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. भाजीतली मेथी खुशाल खा.

व्यायामाचं पारडं जड आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनविनाही रक्तातली साखर ओढून घेतो. पीसीओएसबाबतच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आठवड्याला किमान 150 मिनिटं झपझप चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवतात. “दिवसभर रानात राबते की!” असं नारायणगावकडची टोमॅटो तोडणारी बाई म्हणेल, आणि ते रास्तच. दम लागेल असं काम यात जरूर धरावं. बसून कांदा निवडणं मात्र नाही.

तीन महिने पाळी आली नाही तर काढ्यावर थांबू नका. आधी गरोदरपणाची तपासणी करा आणि मंचर, घोडेगाव किंवा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा.