महागडा कंट्रोलर, दुखरा अंगठा

माझ्या मुलाने पहिल्या पगारातून पंधरा हजारांच्या घरातला वायरलेस गेम कंट्रोलर घेतला. जुन्या, स्वस्त कंट्रोलरने अंगठा दुखतो, ही त्याची तक्रार. आणि वस्तू चांगली घेतली की दुखणे थांबेल, हा आम्हा दोघांचा समज. आठ महिन्यांत पडद्यावरचा खेळाडू कुणी हात न लावता डावीकडे सरकू लागला. अंगठा दुखतच होता.

या आपोआप सरकण्याला 'स्टिक ड्रिफ्ट' म्हणतात. अंगठ्याखालच्या दांडीच्या मुळाशी दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असायचा, तोच प्रकार. कार्बनच्या पट्टीवरून धातूचा बारीक तुकडा घासत जातो, विजेला होणारा रोध बदलतो आणि दांडी किती झुकली ते यंत्राला कळते. घासून घासून कार्बन झिजतो, मग दांडी मधोमध उभी असली तरी यंत्राला ती झुकलेली वाटते. सेटिंगमध्ये जाऊन 'डेड झोन' वाढवता येतो, म्हणजे बारीक हालचालींकडे यंत्र दुर्लक्ष करते. ही मलमपट्टीच, खेळातला अचूकपणा जातो.

मला खटकले ते वेगळेच. जादा पैसे गेले होते रबरी पकडीला आणि मागच्या बटणांना. झिजणारा भाग स्वस्त कंट्रोलरमधलाच. वास्तविक उपाय जुना आहे. वीज वाहणारी पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्या आडव्या बाजूंमध्ये सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांना 1879 मध्ये आढळले. दांडीला चुंबक, खाली संवेदक. स्पर्श नाही, म्हणून घासणे नाही. 1998 मध्ये आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये असेच संवेदक होते. आज निम्म्याहून कमी किमतीतही ते मिळतात!

आता अंगठा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने दोन कंडरा एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल सारखी केली की बोगद्याचे आवरण जाड होते आणि कंडरा अडकून दुखतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये याचे वर्णन केले. आमच्या ओपीडीत या दुखण्याने येतात त्या बहुतेक तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आया. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ आली, तर संशय घ्यावा. 1990 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'निन्टेंडिनायटिस' नावाने एक पत्र छापून आले होते. सलग पाच तास व्हिडिओ गेम खेळलेल्या एका बाईचा अंगठा दुखावला होता.

मुलाचेही तेच. वसईहून जाता-येता लोकलमध्ये मोबाइलवर अंगठा, घरी आल्यावर दांडीवर अंगठा. त्यात ड्रिफ्ट सुरू झाल्यावर खेळाडूला सरळ ठेवण्यासाठी तो दांडी उलट्या बाजूला दाबून धरायचा. कंट्रोलर बदलून त्या कंडरांना काय फरक पडणार होता?

मी मनगटाला पट्टा बांधायला सांगितले, तो त्याने दोन दिवस बांधला. मग कंट्रोलर वॉरंटीत दुरुस्तीला गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. तोवर अंगठा बरा झाला होता. नवी बसवलेली दांडी मात्र पोटेन्शिओमीटरचीच आहे.