पहिलीतल्या पोराला किती यायला हवं?

मंडळी, शेजारचा पोरगा फाडफाड वाचतो म्हणून आपल्या पोरावर ओरडू नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेतली उद्दिष्टं बघा.

🔹 पहिली संपताना: चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचणं, ९९ पर्यंत आकडे.
🔹 दुसरी: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं, ९९९ पर्यंत आकडे.
🔹 तिसरी: मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंत आकडे, सोपे गुणाकार.

म्हणजे पहिलीत पाढे पाठ नसले तरी पोर मागे पडलेलं नाही. पण तिसरी संपत आली नि वाचलेलं कळत नसेल, तर "येईल आपोआप" म्हणून सोडू नका, बाईंना भेटा. घरी बांगडे मोजायला द्या, पाच-पाचचे वाटे लावायला सांगा. गुणाकार तिथूनच सुरू होतो.