सोनेरी चौकोनाखालचं गुपित

डेबिट कार्डावरच्या सोनेरी चौकोनाला आपण चिप म्हणतो खरं, पण तो चौकोन नुसता विजेच्या जोडणीपुरता. खरी चिप त्याच्या पोटात, काही मिलिमीटरची. तिला बॅटरी नाही; कार्ड यंत्रात खुपसलं की यंत्राकडून वीज घेऊन ती जागी होते. प्रोसेसर आणि मेमरी असलेला तो एक छोटा संगणकच आहे.

मागच्या बाजूची काळी चुंबकीय पट्टी ही कॅसेटच्या फितीची सख्खी बहीण. तिच्यावर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पडताळणीचा आकडा एकदाच लिहिलेला असतो आणि विचारेल त्याला ती तो जसाच्या तसा सांगते. एटीएमच्या फटीवर चोरानं पट्टी वाचून घेणारा स्किमर बसवला की तो मजकूर कोऱ्या कार्डावर उतरवायला कितीसा वेळ लागणार?

चिपचं वागणं उलट. बँक कार्ड तयार करतानाच तिच्यात एक गुप्त किल्ली ठेवते आणि ती किल्ली चिपबाहेर कधीच जात नाही. व्यवहाराच्या वेळी यंत्र चिपला रक्कम, चलन, तारीख आणि त्याच क्षणी काढलेला एक यादृच्छिक आकडा देतं. चिप त्यात स्वतःचा व्यवहार-क्रमांक मिसळते आणि किल्ली वापरून आठ बाइटचा संकेत काढते. बँकेकडेही ती किल्ली असते. बँक तेच गणित करून उत्तर ताडून पाहते. पुढच्या खेपेला यादृच्छिक आकडाही वेगळा आणि व्यवहार-क्रमांकही. त्यामुळे वाटेत कुणी संकेत चोरला तरी तो पुन्हा चालत नाही. किल्ली न दाखवता ती आपल्याकडे आहे हे पटवणं, एवढीच या तंत्राची करामत.

फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी चिप-कार्डाच्या कल्पनेचं पेटंट १९७४ मध्ये घेतलं. आज जगभर चालणारी ‘ईएमव्ही’ प्रमाणपद्धती मात्र नव्वदच्या दशकातली.

ती अभेद्य आहे असं नाही. पिन बरोबर असल्याचं चिप यंत्राला कळवते, पण त्या निरोपावर किल्लीची मोहोर नव्हती. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ही फट दाखवून दिली. पुढे चोरांनी चोरलेल्या फ्रेंच कार्डांच्या चिपवर दुसरी चिप चिकटवली. खरी चिप संकेत काढायची आणि वरची, कुठलाही पिन दाबला तरी, ‘बरोबर’ म्हणायची! सुमारे चाळीस कार्डांवर सहा लाख युरोंच्या आसपास उचल झाली. अखेर एक्स-रे काढल्यावर एकावर एक बसवलेल्या दोन चिप दिसल्या. किल्ली मात्र तेव्हाही कुणाच्या हाती लागली नाही. फसवलं गेलं ते यंत्र.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात चोर थेट दुसऱ्या टोकाला गेले. बँकेच्या यंत्रणेत घुसून व्यवहाराला होकार देणारी खोटी व्यवस्था त्यांनी उभी केली आणि कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. उत्तर तपासणाराच खोटा असेल, तर चिपनं कितीही अचूक गणित केलं तरी काय उपयोग?

भारतात पट्टीवाल्या कार्डांच्या जागी चिपची कार्डं देण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. तरीही जुन्या यंत्रांसाठी चिपच्या कार्डामागे पट्टी राहिलीच. मास्टरकार्डनं जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार त्यांच्या कार्डांवरून ती पूर्णपणे जायला २०३३ उजाडेल.