गटाची फोर बाय फोर जीप



शिरूर-दौंडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात दूध, भाजी रस्त्यापर्यंत आणणं अवघड. त्यासाठी गटाने जुनी फोर बाय फोर जीप घ्यायचं ठरवलं, तर आधी आरसी बुक, विमा आणि गाडीवर कर्ज बाकी आहे का, ते बघा. चारही चाकं ओढतात का, हे चिखलात चालवूनच कळतं.

फोर बाय फोरचा दांडा चिखलात शिरण्याआधी टाका. डांबरी रस्ता लागला की काढा. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरतात. जुन्या जीपमध्ये दांडा तसाच राहिला, तर टायर झिजतात, गिअरवर ताण येतो.

गाडी रुतली तर रेस देत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची माती काढा, खाली उसाचं पाचट नाहीतर दगड घाला आणि हळू बाहेर काढा. इंजिन तापलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने भाजतं. ओढ्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलं असेल तर इंजिनच मोडतं.

मोठे टायर, वेगळी बॉडी, दुसरं इंजिन बसवण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना मनाने बदलता येत नाही. अपघात झाला, तर विम्याच्या पैशांवरूनही वाद होतो.

किल्ली एकीकडे असली, तरी हप्ता सगळ्यांच्या बचतीतून जातो. म्हणून हे सगळ्यांनाच माहीत हवं.